वजनाच्या हिशेबातली झोप

वजन उतरवायचे म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टींची चौकशी होते. काय खाता आणि किती हालचाल करता. आहारतज्ज्ञ पोळ्या मोजतात, चहातली साखर विचारतात. जिममधला प्रशिक्षक घाम काढायला सांगतो. रात्री किती वाजता आडवे होता, झोप सलग लागते का, सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटते का, हे क्वचितच कुणी विचारतो. घरच्यांचा सल्ला तर ठरलेला असतो: "पहाटे उठून टेकडीवर जा, सगळे उतरेल." मग रात्री साडेबाराला झोपणारा माणूस पाचचा गजर लावतो, झोपेतला तास कापून चालण्याला देतो आणि महिना उलटला तरी काटा हलत नाही म्हणून हिरमुसतो.

त्या न विचारल्या गेलेल्या प्रश्नासाठी हे पुस्तक लिहिले आहे. त्याचे म्हणणे साधे आहे. किती भूक लागावी, कशाची लागावी, खाल्लेल्याचे शरीराने काय करावे आणि चालायला पायांत किती जोर असावा, या सगळ्यावर आदल्या रात्रीच्या झोपेचा हुकूम चालतो. ती अपुरी असेल तर आहार आणि व्यायामाचे उत्तमातले उत्तम वेळापत्रकसुद्धा उताराच्या विरुद्ध ओढत न्यावे लागते.

हे म्हणणे पटायला आड येतो तो आपला जुना समज. झोपाळू माणूस म्हटला की डोळ्यांसमोर कुंभकर्ण येतो: अवाढव्य देह, सहा महिन्यांची झोप आणि उठल्यावर डोंगराएवढे जेवण. 'लोळून लोळून सुटलाय' हे वाक्य ऐकत आपण मोठे झालो. झोप म्हणजे आळस, आळस म्हणजे चरबी, असे हे सरळ गणित आहे. त्यामुळे कमी झोपणारा कामसू, तडफदार, आणि म्हणून सडपातळ असणार, असेही आपण गृहीत धरतो. 'मला चार तास पुरतात' हे सांगताना माणसाचा आवाज जरा चढतो तो यामुळेच.

या समजाला शास्त्राचा आधार नव्हता असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय यासाठी मुद्दाम पाहावा. अध्यायाचे नाव 'अष्टौनिंदितीय'. निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या देहांपासून तो सुरू होतो, त्यांतल्या अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा विस्ताराने विचार करतो आणि मग थेट झोपेकडे वळतो. देहाचे जाडेपण आणि रोडपण आहाराइतकेच झोपेवर अवलंबून आहे, हे तिथे स्पष्ट म्हटले आहे. लठ्ठपणा आणि झोप या दोन विषयांना एकाच अध्यायात बसवणारी ही दृष्टी आजही थक्क करते. पण उपाय सांगताना चरक ज्या दिशेला जातात ती आजच्या प्रयोगांच्या नेमकी उलट आहे. स्थौल्य घालवू इच्छिणाऱ्याने व्यायाम, चिंतन यांच्या जोडीला जागरणही हळूहळू वाढवावे, असे ते सांगतात. जागरणाने देह रुक्ष होतो, दिवसा झोपल्याने कफ वाढतो, अशी त्यामागची मांडणी आहे.

आता प्रयोगशाळेत काय दिसले ते पाहू. १९९९ साली शिकागो विद्यापीठातल्या ईव्ह व्हान कॉटर, करीन श्पीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले आणि नंतर बारा-बारा तास अंथरुणावर राहायला सांगून थकवा भरून काढू दिला. चार तासांच्या रात्रींनंतर शिरेतून दिलेली साखर रक्तातून दूर होण्याचा वेग भरपूर झोपेच्या दिवसांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला होता. मधुमेहाचा मागमूस नसलेल्या विशीतल्या मुलांची शरीरे आठवडाभरात वयस्कर माणसांसारखी वागू लागली.  

त्याच गटाने २००४ मध्ये भुकेकडे मोर्चा वळवला. चरबीच्या पेशींतून निघणारे आणि 'पुरे झाले' हा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रिडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले होते. पोटातून निघून भूक चाळवणारे घ्रेलिन १९९९ मध्ये जपानमध्ये. बारा तरुणांना दोन रात्री चार-चार तास झोपवल्यावर त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि त्यांनी स्वतः सांगितलेली भूक २४ टक्क्यांनी वाढली. वाढलेली ओढ होती ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. काकडी-गाजरासाठी कुणी झुरत नव्हते.

ही दोन संप्रेरके त्यानंतर इतकी प्रसिद्ध झाली की झोप आणि वजन यांचे सगळे नाते त्यांच्याच खात्यावर टाकण्याची प्रथा पडली. इथे जरा सांभाळून चालायला हवे. पुढच्या काही प्रयोगांत त्यांचे आकडे असे सुबक हलले नाहीत. जे पुन्हा पुन्हा दिसले ते वेगळे आहे: कमी झोपलेली माणसे जास्त खातात. मग त्यामागे संप्रेरके असोत, मेंदूतली खाण्याच्या सुखाची केंद्रे असोत, की नुसते जागेपणाचे वाढीव तास. २०१३ साली बर्कलीच्या संशोधकांनी रात्रभर जागलेल्यांना पदार्थांची चित्रे दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले. तारतम्याने निवड करणारा पुढचा भाग मंदावलेला दिसला, ओढ निर्माण करणारा खोलवरचा भाग उत्तेजित झालेला दिसला आणि भरपूर कॅलरीच्या पदार्थांची मागणी वाढली होती.

हे समजायला स्कॅनची गरज लागू नये. कुठल्याही शहरी घरातली रात्री साडेअकराची वेळ घ्या. जेवण होऊन अडीच तास झाले आहेत. ओटा पुसलेला आहे, दिवे मालवलेले आहेत, एकच जण सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला आहे. मालिकेचा एक भाग संपतो, दुसरा आपोआप सुरू होतो. मधेच तो उठतो. आधी पाणी पितो. मग फ्रीज उघडून नुसताच पाहतो आणि बंद करतो. मग डब्यातून मूठभर फरसाण. उभ्याउभ्याच, ताटलीशिवाय, म्हणजे ते खाण्यात धरायचे नाही. दहा मिनिटांनी दुसरी मूठ. पोट रिकामे नसते, भूक म्हणावी अशी भूकही नसते. थकलेला मेंदू झोप मागत असतो आणि ती मिळत नाही म्हणून दुसरे काहीतरी पदरात पाडून घेत असतो. सकाळी हाच माणूस नाश्ता नको म्हणतो आणि 'मी खातोच कुठे एवढे?' असा प्रश्न अगदी प्रामाणिकपणे विचारतो.

कोलोरॅडो विद्यापीठात २०१३ साली नेमके हेच मोजले गेले. सोळा जणांना पाच रात्री पाच-पाच तासांचीच झोप दिली. म्हणजे नोकरदाराचा सोमवार ते शुक्रवार. खायला हवे तितके मोकळे ठेवले. त्यांचा नाश्ता आक्रसला, रात्रीच्या जेवणानंतरचे चरणे मात्र कुठल्याही एका जेवणापेक्षा भारी पडले. पाच दिवसांत वजन सरासरी ८२० ग्रॅमनी वाढले. या प्रयोगात आणखी एक गोष्ट कळली, तिच्यामुळे चरकांची अर्धी बाजू उचलून धरली जाते. जागे राहण्याला शरीराची खरोखरच जास्त ऊर्जा लागते; इथे ती सुमारे पाच टक्क्यांनी वाढली होती. जागरण देहाला झिजवते हे निरीक्षण खोटे नव्हते. पण खर्च झाला त्यापेक्षा कितीतरी अधिक पोटात गेले. तेलाच्या दिव्याशी जागणाऱ्याच्या हाताशी फ्रीज नव्हता आणि दारात दहा मिनिटांत आइस्क्रीम आणून देणारा मुलगाही नव्हता, हे त्या जुन्या सल्ल्याकडे पाहताना विसरून चालणार नाही.

'रविवारी भरून काढतो' या सवयीचाही निकाल याच विद्यापीठाने २०१९ मध्ये लावला. शनिवार-रविवार मनसोक्त झोपलेल्यांचे रात्रीचे खाणे तेवढ्यापुरते आवरले. सोमवारपासून रात्री पुन्हा तोकड्या झाल्या तसे खाणे पूर्वपदावर आले आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही खालावला.

इथवर वाचून 'म्हणजे खाण्यावर ताबा ठेवला की झाले' असे कुणाला वाटेल. शिकागोतल्याच एका गटाने २०१० मध्ये ही पळवाट बंद केली. दहा जाड व्यक्तींना त्यांनी दोन आठवडे मोजूनमापून कमी जेवण दिले. एकदा साडेआठ तास अंथरुणावर आणि एकदा साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन सारखेच उतरले, सुमारे तीन किलो. काट्याने दोन्ही वेळा शाबासकीच दिली असती. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो. बाकीचे गेले ते स्नायूंसारख्या कामाच्या ऊतींतून. उपाशी आणि जागे शरीर चरबी जपते आणि स्नायू विकून खाते.

मराठी वाचकाने या निष्कर्षापाशी जास्त वेळ थांबावे, असे मला वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार, ही भारतीय शरीराची ठेवण त्या एका चित्राने जगाला समजावली. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, असे कडक निकष ठेवावे लागले ते यामुळे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत भारतातले मधुमेही १० कोटींच्या वर गेलेले दिसले. एकूण लठ्ठपणा २८.६ टक्के, पण पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के होता. म्हणजे शर्टाच्या मापात बसणाऱ्या कितीतरी लोकांचे खरे संकट कमरेपाशी आहे. ज्यांच्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच तोकडी, त्यांनी झोप मारून डाएट करणे हा तोट्याचा सौदा आहे. म्हणून या पुस्तकात वजनाइतकाच कमरेच्या घेराचा आणि अंगातल्या ताकदीचा उल्लेख येतो. काटा एकटा बोलतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

उलट दिशेचा पुरावाही आहे आणि तो दिलासा देणारा आहे. २०२२ साली शिकागोच्या एस्रा तसाली यांनी रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ऐंशी जाड तरुण व्यक्ती निवडल्या. निम्म्यांना झोपेबद्दल एकदा नीट समजावून सांगितले: प्रत्येकाची दिनचर्या पाहून, झोपण्यापूर्वी स्क्रीन बाजूला ठेवा, अमुक वाजता आडवे व्हा, असे. आहाराबद्दल अवाक्षर काढले नाही. ही माणसे आपापल्या घरीच राहत होती, रोजची कामे करत होती. त्यांची झोप सरासरी सव्वा तासाच्या जवळपास वाढली आणि रोजचे खाणे सुमारे २७० कॅलरींनी कमी झाले. अंदाजे एक वडापाव. कुणी त्यांना वडापाव सोडायला सांगितला नव्हता.

याचा अर्थ 'झोपा आणि बारीक व्हा' असा काढू नये. वरचे बहुतेक प्रयोग लहान आहेत, दहा-बारा ते ऐंशी माणसांचे. काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे आहेत. तसालींचा प्रयोग दोन आठवड्यांच्या हस्तक्षेपाचा होता, दोन वर्षांच्या नव्हे. हजारोंच्या पाहण्यांत नऊ-दहा तास झोपणाऱ्यांची प्रकृतीही चांगली आढळत नाही, पण तिथे दुखण्यामुळे झोप वाढली की झोपेमुळे दुखणे, हे वेगळे काढणे अवघड असते. प्रौढांना किमान सात तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा, किशोरांना आठ ते दहा, या शिफारशी आहेत आणि त्यांत माणसागणिक फरक पडतो. झोपेने वजनाचा प्रश्न सुटत नाही. तो सुटण्याजोगा होतो.

एका प्रकारच्या झोपेसाठी तर स्वतंत्र प्रकरण द्यावे लागले. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक जाडा पोरगा आहे. दार ठोठावता ठोठावता, उभ्याउभ्या तो झोपी जातो आणि वाचक हसतो. १९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी अतिलठ्ठ, सतत पेंगणाऱ्या रुग्णांच्या विकाराला त्या कादंबरीचेच नाव दिले. पण १९६५ च्या सुमारास युरोपातल्या मेंदूतज्ज्ञांनी अशा रुग्णांची रात्र यंत्रावर नोंदवली तेव्हा चित्र पालटले. ही माणसे झोपतच नव्हती. घशाची वाट मिटून श्वास अडत होता, गुदमरून मेंदू जागा होत होता आणि हे रात्रभर, शेकडो वेळा चालले होते. पोरगा आळशी नव्हता, उपासमारीत होता, झोपेच्या.

आपल्या घरांत हा 'जो' घोरत असतो आणि 'काय गाढ झोप लागते बघा' म्हणून त्याचे कौतुक होते. शेजारी झोपणाऱ्या बाईला खरे माहीत असते: घोरणे एकदम थांबते, खोली शांत होते, ती मान उचलून पाहते, आणि मग एक आचका देऊन श्वास परत येतो. इथे वजन आणि झोप एकमेकांचे पाय ओढतात. चरबीने घसा अरुंद होतो, तुटक्या झोपेने भूक आणि थकवा वाढतो, त्याने चरबी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीत वजन दहा टक्क्यांनी वाढले तर श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते आणि तेवढेच घटले तर २६ टक्क्यांनी कमी होते, असे दिसले. १९८१ पासून त्यावर हवेच्या दाबाचे सीपॅप यंत्र आहे. असे घोरणे हा विनोदाचा विषय मानू नये, तपासणी करून घ्यावी.

उरलेल्या प्रकरणांचा विषय औषधाच्या दुकानात मिळत नाही. झोप ही आपण एकट्याची सवय समजतो, पण ती ठरवतात दुसरेच. मुलांची झोप शाळेची घंटा ठरवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, त्यामागे मुलांच्या झोपेचाच विचार होता. तेव्हा बसचे वेळापत्रक, दोन पाळ्यांतल्या इमारती, पालकांच्या नोकऱ्या अशा अडचणींची यादी पुढे आली. मूल मात्र रात्री अकरापर्यंत का जागे असते, हा प्रश्न त्या यादीत फारसा नव्हता. कामगाराची झोप चाकणची तिसरी पाळी ठरवते, हिंजवडीतल्या मुलीची अमेरिकेचे घड्याळ, कसारा-कर्जतच्या चाकरमान्याची पहाटेची लोकल.

आणि घरातल्या बाईची झोप सगळे मिळून ठरवतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर रोजचा वेळ २९९ मिनिटे होता, पुरुषांचा ९७. नवरा दहाला येतो म्हणून जेवण दहाला. भांडी, विरजण, उद्याची भाजी निवडणे होईतो साडेअकरा. नळाला पाणी पाचला येते, डबे साडेसहाला निघतात. डॉक्टर तिला रोज पाऊण तास चालायला सांगतात. ती मान हलवते, कारण तो पाऊण तास कशातून काढायचा हे तिला ठाऊक असते: झोपेतूनच.

म्हणून शेवटच्या भागातल्या सूचना मी मुद्दाम साध्या ठेवल्या आहेत. उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही फार न हलवणे. कॅफीनचा निम्मा अंमल पाच-सहा तास टिकतो, म्हणून चहाचा शेवटचा कप दुपारी उरकणे. दारूचे दोन घोट घेतले की झोप येते खरी, पण उत्तररात्री ती तुटते, हे लक्षात ठेवणे. जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तास सोडणे. वामकुक्षी सोडायला मी सांगत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत उठता येत असेल तर ती औषधच आहे, दोन तासांची झाली तर रात्रीच्या वाट्यातून वजा होते. मधुमेह, थायरॉइड, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र पुस्तकावर न थांबता आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

वाचकाला एकच विनंती आहे. स्वतःच्या झोपेपुरते हे पुस्तक वाचू नका. घरातले जेवण किती वाजता व्हायचे, वर्ग किती वाजता भरायचा, पाळी कशी लावायची, रात्री दहानंतर कामाचा फोन करायचा की नाही, यांतली एखादी तरी गोष्ट तुमच्या हातात असेल. ती तासभर अलीकडे ओढलीत तर तुमच्याशिवाय आणखी कुणाचे तरी वजन, साखर आणि सकाळ सुधारेल. त्यासाठी त्यांना हे पुस्तक वाचावेही लागणार नाही.